आधी भिडू, मग मावळे: मुंबईत सायफाय चकमकीचा खेळ सुरू करताना

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडून झाल्यावर तुम्ही ते गुपचूप एकमेकांशी लढवले असतील, तर या खेळाचं निम्मं तुम्हाला आधीच येतं. उरलेलं निम्मं म्हणजे फासे, मोजपट्टी आणि कोण कधी हलणार याचे नियम. मावळ्यांच्या जागी अंतराळातले भाडोत्री शिपाई, रोबो किंवा परग्रहावरचे चाचे असतात आणि किल्ल्याच्या जागी मोडकळीला आलेली एखादी वसाहत. इंग्रजीत याला स्कर्मिश वॉरगेम म्हणतात. आपल्याकडे ‘चकमक’ हा नेमका शब्द आहेच. मोठ्या युद्धखेळात एकेका बाजूला पन्नास-शंभर आकृत्या असतात, चकमकीत साधारण पाच ते पंधरा. एक डाव तास-दोन तासांत आटपतो.

मी सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली. चित्र बघून आकृत्यांचा एक भलामोठा खोका मागवला, त्याचे पैसे तीन महिने फेडले, आणि तो दोन वर्षं माळ्यावर पंख्याच्या खोक्याशेजारी पडून राहिला. त्या आकृत्यांचा खेळ चार फूट बाय चार फुटांवर खेळतात. आमच्या मुलुंडच्या घरात तेवढी मोकळी सपाट जागा फक्त पलंग. शिवाय ओळखीतलं कोणी तो खेळ खेळत नव्हतं. आता माझ्या भाच्याला आणि ऑफिसातल्या दोघांना सुरुवात करून देताना मी क्रम उलटा लावला: आधी भिडू, मग टेबल, मग नियम, आणि सगळ्यात शेवटी मिनिएचर, म्हणजे खेळायच्या छोट्या आकृत्या. दुकानं, व्हिडिओ आणि आपलं मन तिन्ही नेमकं याच्या उलट ओढतात, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

१. भिडू ठरवा

नियम कितीही चांगले असोत, समोर बसणारा हवा. ऑफिसातला बुद्धिबळवाला, बिल्डिंगमधला कॉलेजकुमार, बोर्डगेम कॅफेत शनिवारी येणारी मंडळी, कोणीही चालेल. फक्त त्याला आधी विचारा की तू काय खेळतोस. तो एखादा खेळ आधीच खेळत असेल तर पहिले सहा महिने डोळे मिटून तोच खेळा. तुम्हाला दुसराच खेळ आवडला असला तरी. एकट्याने विकत घेतलेला उत्तम खेळ हा माळ्यावरचा खोका होतो, हे मी वर सांगितलंच.

भिडू मिळाला की तो कुठल्या लाइनवर राहतो ते बघा. एक जण विरारला आणि एक पनवेलला असेल तर महिन्यातून एक डाव झाला तरी खूप. भेट ठरवताना रविवारचा मेगाब्लॉक तपासा. हे हसण्यावारी नेऊ नका, आमचे तीन डाव त्यातच गेले.

भिडू मिळतच नसेल तर एकट्याने खेळायचे नियमही आहेत. त्यांच्याकडे तिसऱ्या पायरीत येते.

२. टेबल मोजा

टेप घ्या आणि घरातलं जेवणाचं टेबल खरोखर मोजा. अंदाजाने सांगू नका, अंदाज नेहमी अर्धा फूट मोठा निघतो. बहुतेक घरांतलं चौघांचं टेबल चार फूट बाय अडीच फूट, म्हणजे ४८ बाय ३० इंच असतं. या खेळांत सगळं इंचांत मोजतात, म्हणून इंचच लिहून ठेवा.

आता काही खेळांचे आकडे बघा, त्यांची ओळख तिसऱ्या पायरीत येते. ‘किल टीम’चा पट ३० बाय २२ इंच, आरामात बसतो आणि चहाच्या कपालाही जागा उरते. मँटिक कंपनीचा ‘डेडझोन’ दोन फूट बाय दोन फुटांवर होतो. ‘फाइव्ह पार्सेक्स फ्रॉम होम’ दोन फुटांपासून तीन फूट चौरसापर्यंत कुठेही चालतो. ‘स्टारग्रेव्ह’ला साधारण तीन फूट चौरस हवं, म्हणजे टेबल दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच कमी पडणार. त्यावर उपाय प्लायवूडचा तुकडा: सुताराकडून तीन फूट चौरस कापून घ्या, टेबलावर टाका, एरवी कपाटामागे उभा ठेवा. ‘इन्फिनिटी’चा पूर्ण डाव चार फूट चौरसावर असतो. तो घरी खेळायचा तर जमिनीवर, आणि जमिनीवर खेळताना दीड तासाने गुडघे काय म्हणतात ते मी सांगायला नको.

आणखी एक जुनी युक्ती आहे. १५ मिलिमीटरच्या छोट्या आकृत्या घ्या आणि नियमांतला प्रत्येक इंच सेंटीमीटर म्हणून मोजा. चार फुटांचं मैदान सुमारे एकोणीस इंचांवर येतं, म्हणजे ट्रेवर. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांनी हा मार्ग गंभीरपणे घ्यावा. त्यात सैनिक बारीक असतात आणि नजर चांगली लागते, एवढाच त्रास.

३. नियम निवडा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून इथे मी रेंगाळणार आहे.

आधी दोन गोष्टी समजून घ्या. पहिली, पाळी कशी फिरते. काही खेळांत तुम्ही तुमची सगळी माणसं हलवता, मग समोरचा त्याची. दुसऱ्या प्रकारात तुमचं एक, त्याचं एक, पुन्हा तुमचं एक. नवख्याने शक्यतो हा दुसरा प्रकार घ्यावा. समोरच्याला वीस मिनिटं मोबाइल बघत बसावं लागत नाही, आणि आपली चूक लगेच कळते. ‘किल टीम’ आणि ‘फायरफाइट’ दोन्ही या प्रकारात बसतात.

दुसरी गोष्ट, फासे. सहा बाजूंच्या फाशावर प्रत्येक दानाची शक्यता साडेसोळा टक्क्यांच्या आसपास असते. ‘चार किंवा जास्त’ पडलं की नेम लागला असा नियम असेल तर ती सरळ निम्मी शक्यता. आणि असे पाच-सहा फासे एकदम टाकले की नशीब बरंचसं सपाट होतं. वीस बाजूंच्या फाशावर एकेक दान पाच टक्क्यांचं, आणि बहुतेक वेळा फासा एकच. त्यामुळे दान वेडंवाकडं पडतं. ‘स्टारग्रेव्ह’मध्ये दोघांनीही वीसबाजू फासा टाकून त्यात आपापलं कौशल्य मिळवायचं असतं, आणि जास्त ज्याचं तो जिंकतो. तिथे बाजारबुणगा शिपाई कप्तानाला लोळवू शकतो आणि लोळवतोच. काहींना त्यात गंमत वाटते, काहींचं डोकं फिरतं. तुम्ही आणि तुमचा भिडू कोणत्या जातीचे आहात ते आधी ओळखा. ल्युडोत सोंगटी मारली गेल्यावर रुसणारा भिडू असेल तर बरेच फासे एकदम टाकायचा खेळ घ्या.

आता खेळांची नावं. मी स्वतः ज्यांच्याशी झटापट केली आहे तेवढेच सांगते.

वन पेज रूल्स या कंपनीचा ‘ग्रिमडार्क फ्युचर: फायरफाइट’. मुंबईतल्या नवख्याला मी पहिला हाच देते. मूळ नियम फुकट पीडीएफमध्ये मिळतात, मोजक्याच पानांचे आहेत, आणि आकृत्या कुठल्याही कंपनीच्या चालतात. प्रत्येक शिपायाचे मुख्य आकडे दोन: एक त्याच्या कसबाचा, एक बचावाचा. शांतपणे चाललात तर सहा इंच चालून गोळी झाडता येते, धावलात तर बारा इंच पण गोळी नाही. भाच्याला हे दहा मिनिटांत समजलं. सैन्य बांधायचं साधनही ऑनलाइन फुकट आहे. उणीव म्हणाल तर सगळ्या फौजांची चव थोडी सारखीच लागते, दहाएक डावांनंतर ते जाणवतं.

‘किल टीम’ हा गेम्स वर्कशॉप कंपनीचा, त्यांच्याच ‘वॉरहॅमर ४०,०००’ या मोठ्या युद्धखेळाच्या जगातला. जगभर याला भरपूर भिडू मिळतात आणि मुंबईतही वॉरहॅमरचं नाव ऐकलेला माणूस सापडण्याची शक्यता जास्त. प्रत्येक तुकडीचे डावपेच खरोखर वेगळे असतात. पण आवृत्त्यांचा सापळा आहे. २०१८, २०२१ आणि २०२४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या आणि नियम दर वेळी बदलले. २०२१ च्या आवृत्तीत अंतरं त्रिकोण, वर्तुळ, चौकोन, पंचकोन अशा खुणांनी लिहायचे, २०२४ मध्ये पुन्हा सरळ इंच आले. जुनं पुस्तक स्वस्तात विकायला निघालंय असं दिसलं की आधी आत उघडून बघा. त्रिकोण-चौकोन दिसले तर ते स्वस्त का आहे ते कळलं.

‘स्टारग्रेव्ह’ २०२१ मध्ये ऑस्प्रे या प्रकाशकाने काढला, जोसेफ मॅक्‌कलो यांचा. कप्तान, त्याचा पहिला सहकारी आणि आठ शिपाई, अशी दहा जणांची टोळी. मैदानात पडलेली लूट उचलायची आणि बाहेर पडायचं. मारण्यापेक्षा लूट घेऊन पळण्यावर भर असल्यामुळे हरलेल्यालाही काहीतरी हाती लागतं. डावामागून डाव टोळी वाढत जाते, जखमा लक्षात ठेवल्या जातात. एक पुस्तक घेतलं की पुरतं, आणि ई-पुस्तकही मिळतं. आकृत्या कुठल्याही.

‘फाइव्ह पार्सेक्स फ्रॉम होम’ एकट्याने खेळायचा. सहा जणांचं जहाज, हप्ते फेडायचे, कामं शोधायची, आणि शत्रू काय करणार ते तक्ते आणि फासे सांगतात. लढाईपेक्षा तक्ते वाचण्यातच माझी संध्याकाळ जास्त जाते, पण पावसाळ्यात गाड्या बंद असताना याच्याइतका सोबती नाही. जहाजाचा हप्ता भरायला पैसे नसले की मला माझ्या होमलोनची आठवण येते, म्हणून मी तो महिनाअखेरीस खेळत नाही.

‘डेडझोन’मध्ये पट तीन-तीन इंचांच्या घरांत वाटलेला असतो, दोन फुटांत आठ गुणिले आठ घरं. मोजपट्टी जवळजवळ लागतच नाही. आठबाजू फासे लागतात, ते वेगळे घ्यावे लागतील. ‘सव्वासहा इंच की पावणेसात’ यावर वाद घालणारा भिडू असेल तर हाच घ्या.

‘इन्फिनिटी’ स्पेनच्या कॉर्व्हस बेली कंपनीचा, २००५ पासूनचा. नियमांची पीडीएफ आणि फौज बांधायचं साधन फुकट. तुमच्या पाळीतसुद्धा समोरचा स्वस्थ बसत नाही: त्याच्या ज्या शिपायाला तुमची हालचाल दिसली तो तिथल्या तिथे गोळी झाडू शकतो. माझ्या मते डोक्याला सगळ्यात जास्त खाद्य हाच देतो, आणि म्हणूनच पहिला खेळ म्हणून हा घेऊ नका. नियमपुस्तक वाचून तीन जणांनी खेळ सोडल्याचं मी बघितलं आहे. धातूच्या आकृत्या मात्र डोळ्यांचं पारणं फेडतात.

एक तिरकी वाट पण सांगते. ‘गॅसलँड्स’ हा २०१७ चा खेळ खेळण्यातल्या छोट्या गाड्यांनी खेळतात, त्या १:६४ मापाच्या. जगबुडीनंतरच्या वाळवंटात बंदुका लावलेल्या गाड्यांची शर्यत. शिपाई नाहीत, त्यामुळे ही काटेकोर अर्थाने चकमक नाही. पण गाड्या कोपऱ्यावरच्या खेळण्यांच्या दुकानात दीड-दोनशे रुपयांना मिळतात, आणि घरात लहान मूल असेल तर काही फौज आधीच सोफ्याखाली आहे.

४. पहिले तीन डाव सोंगट्यांनी खेळा

ही पायरी सगळे गाळतात. गाळू नका.

नियम झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा. शिपाई म्हणून कॅरमच्या सोंगट्या घ्या, काळ्या एका बाजूला, पांढऱ्या दुसऱ्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने क्रमांक लिहा. इमारती म्हणून चहाचे आणि औषधांचे खोके. दिसतंय की नाही हे ठरवायला सोंगटी बुटकी पडते, म्हणून कागदी बाहुल्या आणखी चांगल्या: वन पेज रूल्ससारखे लोक छापून कापायच्या आकृत्या देतात. जाड कार्डावर रंगीत प्रिंट काढा, दुमडा, बुडाला कपड्याच्या चिमट्याचा अर्धा भाग लावा.

पहिला डाव रडतखडत होईल, नियम शोधण्यातच तास जाईल. दुसऱ्यात निम्मं पाठ झालेलं असेल. तिसऱ्या डावानंतर भिडूला सरळ विचारा: पुन्हा खेळायचंय? तो घुटमळला तर दुसरे नियम घ्या. तुमचे झेरॉक्सचे पैसे गेले, बस. ऑफिसातल्या एकाला ‘स्टारग्रेव्ह’ अजिबात रुचला नाही, वीसबाजू फाशावर त्याचा कप्तान सलग दोन डावांत पहिल्याच फेरीत आडवा झाला. हे आकृत्या घेण्याआधी कळलं, त्याचे काही हजार वाचले.

५. मिनिएचर: माप आणि माती

तीन डाव झाले, नियम ठरले. आता खरेदीला परवानगी.

आधी नियमांना विचारा की आकृत्या कुठल्याही चालतात का. ‘स्टारग्रेव्ह’, ‘फाइव्ह पार्सेक्स’, ‘फायरफाइट’ म्हणतात चालतात. ‘किल टीम’ आणि ‘इन्फिनिटी’ आपल्याच कंपनीच्या आकृत्या धरून लिहिलेले आहेत. घरी कोणी विचारत नाही, पण कंपनीच्या अधिकृत स्पर्धेत त्यांच्याच लागतात.

मग माप. खोक्यावर २८ मिलिमीटर लिहिलेलं असतं, ते साधारणपणे तळपायापासून डोळ्यांपर्यंतचं मानतात. पण एका कंपनीचे २८ आणि दुसरीचे २८ शेजारी ठेवले की काका-पुतण्या वाटतात. कारण काही कंपन्या डोकं, पंजे आणि बंदुका मुद्दाम जाड करतात, रंगवायला सोपं पडावं म्हणून. काही माणसाचं खरं प्रमाण ठेवतात. एका टोळीत दोन्ही मिसळू नका, दोन विरुद्ध टोळ्यांत मिसळलं तर उलट शोभतं. खेळण्यांच्या दुकानातले हिरवे प्लास्टिकचे सैनिक बहुधा ५४ मिलिमीटरच्या आसपास असतात, ते या मैदानात राक्षस दिसतात. एखादा महाकाय रोबो म्हणून एक चालेल.

बैठकीचं माप दिसण्यापेक्षा महत्त्वाचं. बैठक म्हणजे आकृतीखालची चकती, २५, ३२ किंवा ४० मिलिमीटरची. अंतर चकतीच्या कडेपासून मोजतात, त्यामुळे मोठ्या चकतीवरचा शिपाई नकळत जास्त पुढे पोचतो आणि आडोशामागे कमी लपतो. भिडूबरोबर एकच माप ठरवा. चकत्या कमी पडल्या तर हार्डवेअरच्या दुकानातले तेवढ्याच व्यासाचे लोखंडी वॉशर घ्या: स्वस्त, जड, आणि पुढे चुंबकासाठी उपयोगी.

साहित्याचे तीन प्रकार. कडक प्लास्टिक सुट्या भागांच्या चौकटीत येतं, कापून जोडायचं. त्याला प्लास्टिक सिमेंट वापरा, ते प्लास्टिक किंचित वितळवून एकजीव करतं. रेझिन आणि धातूवर त्या सिमेंटचा काही उपयोग नाही, तिथे फेविक्विक. धातूचा हात निखळत राहिला तर बारीक ड्रिलने दोन्हीकडे भोक पाडून तारेचा तुकडा घाला. रेझिन घासायचं असेल तर ओलं करून, मास्क लावून घासा, त्याची पूड फुप्फुसात जाऊ देऊ नका. पहिल्या टोळीसाठी मी कडक प्लास्टिकच सुचवते. चूक झाली तर माफ करतं.

आणि एका टोळीपुरतंच घ्या. दहा माणसं. रंगवून, खेळवून झाल्यावर पुढची दहा.

६. मागवायचं कुठून

भारतातले हॉबी विक्रेते ऑनलाइन मागवले की चार दिवसांत घरपोच देतात. किंमत परदेशापेक्षा चढी दिसते, पण तिच्यात आयातीचा खर्च आधीच धरलेला असतो. परदेशातून मागवताना लोक नेमकं हेच विसरतात. आकृत्यांची किंमत, त्यावर पाठवणी, त्यावर कस्टम ड्युटी आणि जीएसटी, वर कुरियरचं हाताळणी शुल्क. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली. शिवाय १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना २०२१ पासून बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तुमचं पार्सल खेळणी म्हणून धरलं गेलं तर काय, हा प्रश्न पैसे भरण्याआधी विक्रेत्याला आणि कुरियरला विचारा. माझं एक पार्सल पंचवीस दिवस अडकलं आणि सुटलं तेव्हा ड्युटी धरून किंमत दीडपट झाली होती.

परदेशी पार्सलसाठी हे हाताशी ठेवा:
• आधार किंवा पॅन, कुरियर केवायसी मागतोच
• विक्रेत्याचं बिल, त्यात वस्तूचं खरं वर्णन आणि खरी किंमत
• पैसे भरल्याचा पुरावा
• बिलावरचं नाव आणि केवायसीवरचं नाव तंतोतंत एकच

‘भेटवस्तू लिहून पाठवतो’ असं विक्रेता म्हणाला तर नको म्हणा. भेटवस्तूंवरची ड्युटीची सूट २०१९ च्या अखेरीस बंद झाली आणि खोटं वर्णन तुमच्याच नावावर बसतं.

तिसरा रस्ता थ्रीडी प्रिंटचा. फाइल विकत घ्यायची आणि छापून घ्यायची. छापणाऱ्याला चार गोष्टी विचारा: रेझिनवर छापणार की तारेच्या प्लास्टिकवर (माणसं रेझिनवर, इमारती तारेवर), थराची जाडी किती (५० मायक्रॉन किंवा कमी असेल तर चेहरे नीट येतात), आधाराच्या काड्या काढून देणार का, आणि धुऊन अतिनील प्रकाशात पूर्ण पक्कं करून देणार का. हाताला चिकट लागणारा प्रिंट परत करा. बहुतेक फाइली वैयक्तिक वापरासाठी असतात, त्यामुळे छापून विकणाऱ्याकडे तसा परवाना हवा. नामांकित कंपनीची आकृती निम्म्या किमतीत रेझिनमध्ये मिळतेय असं दिसलं तर ती बहुधा साचा मारून काढलेली नक्कल असते.

स्वतःचा रेझिन प्रिंटर घ्यायचा मोह होईल. वन बीएचकेमध्ये घेऊ नका. कच्च्या रेझिनचा वास, त्वचेला होणारा त्रास, नायट्राइलचे हातमोजे, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बरण्या, हे सगळं स्वयंपाकघराला लागून नको. आणि रेझिन धुतलेलं पाणी मोरीत तर कधीच ओतू नका.

७. रंग आणि मुंबईची हवा

परदेशी व्हिडिओ सांगतात, स्प्रे प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारा, वीस मिनिटांत काम. जुलैत गॅलरीत उभं राहून तो मारा आणि बघा. दमट हवेत प्राइमर पांढरट, पिठूळ बसतो आणि सगळे बारकावे बुजतात. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा प्राइमर वापरा. स्प्रे मारायचाच तर कोरड्या दिवशी, दुपारी, गच्चीवर, आणि वाळत टाकलेल्या कपड्यांपासून लांब. शेजारच्या काकूंच्या पांढऱ्या चादरीबद्दल मी इथे अधिक लिहिणार नाही.

रंग अ‍ॅक्रिलिकच घ्या. मिनिएचरसाठीचे खास रंग उत्तम पण महाग. पहिल्या टोळीला कॅमलचे साधे अ‍ॅक्रिलिक पुरतात, फक्त ते दाट असतात. पाण्याने दुधाइतके पातळ करून दोन-तीन हात द्या. एका जाड हातात चेहऱ्याचं लापशीसारखं होतं. काळा, पांढरा, एक त्वचेचा, एक धातूचा आणि टोळीचे दोन रंग, एवढ्यावर भागतं. वर गडद तपकिरी रंगाचं पाणी फिरवा, ते खाचांत साचतं आणि आकृती एकदम जिवंत होते. चकतीवर खडबडीत जमीन करायला एमसील मस्त. चेहरे किंवा बोटं घडवायला मात्र ती भरड पडते.

८. मैदान उभं करा

गोळीबाराच्या खेळात उघडं मैदान म्हणजे पहिल्या फेरीत अर्धी टोळी आडवी. नवख्यांना खेळ कंटाळवाणा वाटतो त्याचं कारण बहुतेकदा नियमांत नसतं, मैदान रिकामं असतं. पटाचा किमान पाव भाग आडोशांनी भरा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ नजर जाणार नाही असं बघा, आणि निदान दोन जागा उंच ठेवा.

यासाठी पैसे खर्च करायची गरज नाही. मखर करणाऱ्या शहरात राहतो आपण. २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोल गेला आणि पुठ्ठ्याची मखरं आली, तीच कारागिरी इथे चालते. पुठ्ठा, सनबोर्ड, डिओड्रंटची झाकणं, गोळ्यांची रिकामी पाकिटं, चिकटपट्टीची गोल खोडं, संपलेली रिफिलं. लॅमिंग्टन रोडच्या भंगारातला जुन्या संगणकाचा पंखा म्हणजे आयता वायुवीजन मनोरा. आमचं आवडतं मैदान म्हणजे भविष्यातली चाळ: तीन मजल्यांच्या गॅलऱ्या, मधे पूल, वर पाण्याच्या टाक्या. दर डावात कोणीतरी टाकीमागे दडून बसतं. पुठ्ठ्यावर फेविकॉल आणि पाण्याचा हात दोन्ही बाजूंनी द्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात चाळ खरोखर खचते.

९. पहिल्या डावाची पिशवी

• छापलेले नियम आणि टोळीचा कागद, पेन्सिल
• दहाएक सहाबाजू फासे, किंवा खेळाला लागतील ते
• शिंप्याची टेप, लोखंडी नको, ती आकृत्या पाडते
• जखमी, दबलेला, संपलेला अशा खुणांसाठी रंगीत बटणं
• टोळी

टोळी लोकलमधून न्यायची तर चकत्यांखाली छोटी चुंबकं लावा आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात उभी करा. जेवणाच्या स्टीलच्या डब्याला चुंबक चिकटेलच असं नाही, आधी तपासा. मी न तपासता दादरपर्यंत नेली होती. वॉशर वापरले असतील तर उलट करा, डब्याच्या तळाला चुंबकाची शीट चिकटवा. डबा पाठीवरच्या पिशवीत न ठेवता पुढे धरा, आणि आठ-बावन्नच्या फास्टमध्ये धरूच नका, अकरानंतर निघा.

फेविक्विकची ट्यूब बरोबर असू द्या, काही ना काही तुटतंच. पण ती आकृत्यांच्या आणि फाशांच्या कप्प्यात ठेवू नका. मे महिन्यात घाटकोपर ते दादर दरम्यान माझी फुटली, आणि माझा एक शिपाई तेव्हापासून फाशावर उभा आहे.